पाठ पाहून घ्या : फोल्डिंग प्लेट कॅमेऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापूर आणि आसपासच्या वाचकांनी जुन्या घडीच्या, काचेच्या प्लेटवर फोटो घेणाऱ्या प्लेट कॅमेऱ्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देत आहोत. एकाच मुद्द्याचे प्रश्न जोडून घेतले आहेत.

प्रश्न (जुळे सोलापूर) : ३५ एमएमचा फिल्म कॅमेरा हाताळलेला आहे. आता एखादा जुना फोल्डिंग प्लेट कॅमेरा घ्यावा असं मनात आहे. ऑनलाइन पाहिलं तर व्हॉइग्टलँडर आव्हुस, झाइस इकॉन मॅक्सिमार, कोडॅक रेकोमार, पेटंट एटुई अशी नावं दिसतात. विक्रेते लेन्सचं नाव मोठ्या अक्षरांत देतात. टेसार घ्यावी, हेलियार घ्यावी, की स्कोपार चालेल?

उत्तर : लेन्सचा विचार सगळ्यात शेवटी करा. टेसार १९०२ ची रचना, हेलियार १९०० ची. १९२० ते १९४० च्या दरम्यानच्या चांगल्या जर्मन कॅमेऱ्यावरची कुठलीही चार-भिंगी लेन्स ११ किंवा १६ ला बंद केली (म्हणजे तिचं छिद्र तितकं लहान केलं) की ९×१२ सेंटिमीटरच्या निगेटिव्हवर पुरून उरते. साधी तीन-भिंगी लेन्ससुद्धा चालते, फक्त कोपरे थोडे मऊ येतात. नवशिक्याचं घोडं अडतं ते मागच्या बाजूला.

प्लेट कॅमेऱ्याच्या पाठीत तीन गोष्टी लागतात : घासलेली काच (ग्राउंड ग्लास) तिच्या चौकटीसह, पत्र्याचे प्लेट होल्डर, आणि प्रत्येक होल्डरमध्ये बसणारी फिल्म शीथ. होल्डर काचेच्या प्लेटसाठी बनलेले आहेत. प्लेट साधारण दीड मिलिमीटर जाड, तर शीट फिल्म जेमतेम ०.२ मिलिमीटर. शीथ म्हणजे तीन बाजूंनी कडा दुमडलेला पातळ काळा पत्रा. फिल्म त्यात सरकवायची आणि तो पत्रा प्लेटच्या जागी होल्डरमध्ये बसवायचा. शीथ नसेल तर फिल्म होल्डरमध्ये खुळखुळते, मध्ये फुगते आणि फोकस जातो.

होल्डर नंतर सवडीने घेऊ, असं म्हणू नका. सगळ्या ९×१२ कॅमेऱ्यांचे होल्डर सारखे नसतात. कडेच्या पट्टीची रुंदी एक-दोन मिलिमीटरने इकडेतिकडे असते, काहींची पट्टी खाचेत सरकते, काहींची चापाखाली बसते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे होल्डरही एकमेकांत जातील याची खात्री नाही. म्हणून विक्रेत्याकडून एकच फोटो मागवा : होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत अर्धा सरकवलेला. तो फोटो देता येत नसेल, तर ते होल्डर त्या कॅमेऱ्याचे नाहीत असंच धरून चला.

आणखी एक फसवी वस्तू म्हणजे फिल्म पॅक अडॅप्टर. दिसायला जाड होल्डरच, पण मागून बिजागरीने उघडतो. त्यात जाणारे फिल्म पॅक आता कुणी बनवत नाही. 'एक होल्डरसह' म्हणून विकलेल्या कॅमेऱ्यात बरेचदा हाच निघतो.

तेव्हा हेलियारवाला, पण होल्डर नसलेला कॅमेरा आणि स्कोपारवाला, पण शीथसह सहा होल्डर असलेला कॅमेरा असे दोन समोर आले, तर दुसरा घ्या. रेकोमार ही सुरुवातीला चांगली निवड आहे. १९३२ पासून श्टुटगार्टच्या कारखान्यात हे कॅमेरे बनले, रेकोमार ३३ म्हणजे ९×१२ आणि रेकोमार १८ म्हणजे ६.५×९. आव्हुस आणि मॅक्सिमारही तितकेच भरवशाचे. पेटंट एटुई फार पातळ, खिशात मावणारा, पण त्या पातळपणापायी त्याचं सगळं अंग नाजूक झालेलं असतं. तो दुसरा कॅमेरा म्हणून ठीक.

प्रश्न (होटगी रोड) : ९×१२ घ्यावा की ६.५×९? आणि या मापाची फिल्म सोलापुरात मिळणार कशी?

उत्तर : तुमच्याकडे रात्री पूर्ण अंधार होणारी खोली किंवा बाथरूम आहे का, यावर हे ठरवा.

अंधार करता येत असेल तर ९×१२. या मापाची शीट फिल्म (उदाहरणार्थ फोमापॅन १००) अजून बनते, मागवावी लागते आणि महाग पडते. सरावासाठी एक्स-रे फिल्म वापरा. ८×१० इंची एका शीटमधून ८.९×११.९ सेंटिमीटरचे चार तुकडे निघतात आणि दोन पट्ट्या उरतात, त्या टेस्ट स्ट्रिपला कामी येतात. कापताना पूर्ण ९×१२ कापू नका, शीथमध्ये जाणार नाही. वैद्यकीय सामानाच्या दुकानात मागताना 'केमिकलमध्ये धुवायची ओली फिल्म' असं स्पष्ट सांगा. आता बहुतेक सेंटरमध्ये डिजिटल मशीनची ड्राय फिल्म असते. ती उष्णतेने उमटते, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही.

अंधाराची सोय नसेल तर ६.५×९ घ्या आणि सोबत राडासारखं जुनं रोलफिल्म बॅक शोधा. त्यात नेहमीची १२० फिल्म बसते, ६×९ च्या आठ फ्रेम मिळतात आणि रोल बाहेर धुवायला देता येतो. पण होल्डरचा नियम बॅकलाही लागू आहे. ते त्याच पाठीत बसलं पाहिजे.

सगळ्यात स्वस्त सराव फोटो पेपरवर होतो. पेपर कापून शीथमध्ये घाला आणि आयएसओ ६ धरा. भर उन्हात ८ ला १/२५ सेकंद. लाल दिव्यात धुता येतो, दोन मिनिटांत चूक डोळ्यांसमोर येते.

प्रश्न (बार्शी) : ओळखीच्या एका दुकानात असा कॅमेरा आहे. दुकानदार दहा मिनिटं हातात देईल. त्यात काय काय पाहायचं? कॅमेरा उघडायचा कसा हेही सांगा, मोडायला नको.

उत्तर : सोबत मोबाइल, एक छोटी बॅटरी आणि शक्य असेल तर भिंग न्या.

उघडणं : चामड्याखाली एक बारीक उंचवटा लागतो, तो दाबा. पुढचं झाकण खाली काटकोनात पडेल आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या खट्कन अडकतील. आता लेन्सच्या खालची दोन्ही कानं चिमटीत दाबून लेन्सची चौकट रुळांवर पुढे ओढा, अडकेपर्यंत. ही झाली अनंताची जागा. जोर लावावा लागत असेल तर थांबा. बहुधा आतल्या बाजूचा रूळ पुढे राहिलेला असतो, बाजूची घुंडी फिरवून तो आधी मागे घ्या.

उघडल्यावर लेन्सची चौकट हलक्या हाताने पुढे-मागे हलवून पाहा. डुलत असेल तर फोकस कधीच एकसारखा राहणार नाही आणि वाकलेला रूळ सरळ करणं सोपं नाही. हा दोष असेल तर बाकीचं पाहूच नका.

मग भाता, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची पाठ यांना जोडणारी चामड्याची घडीदार नळी. पूर्ण ताणा. दुकानाच्या कोपऱ्यात किंवा काउंटरखाली अंधार करून बॅटरी आत धरा आणि कोपऱ्यांकडे पाहा. भोकं सपाट भागावर क्वचितच असतात, घड्या जिथे काटकोनात वळतात तिथेच चामडं चिरतं. चार-पाच टाचणीएवढी भोकं असतील तर दुरुस्त होतात. चारही कोपरे चाळणी झाले असतील तर नवा भाता शिवावा लागेल, आणि जाड रेक्झिनचा नवा भाता घातला की कॅमेरा मिटत नाही.

रूळ दुहेरी आहेत का तेही पहा. १३.५ सेंटिमीटरच्या लेन्सला भाता २७ सेंटिमीटरपर्यंत ताणता आला तर वस्तू निगेटिव्हवर मूळ आकाराची येते. मात्र तिथे एक्स्पोजर चौपट द्यावं लागतं. भात्याच्या लांबीला फोकल लेंग्थने भागा आणि उत्तराचा वर्ग करा, तितक्या पट. २० सेंटिमीटरला ते दुपटीच्या थोडं वर जातं. चादरीची वीण किंवा दागिना जवळून टिपायचा असेल तर दुहेरी रूळ हवेतच. देखावे आणि माणसं टिपायला एकेरी पुरतात.

शटर मोबाइलच्या स्लो मोशनवर तपासा. मोबाइल २४० फ्रेमचा असेल तर एका सेकंदाला २४० फ्रेमपर्यंत लेन्स उघडी दिसली पाहिजे, १/२५ ला साधारण दहा आणि १/१०० ला दोन-तीन. सगळे वेग पंचवीस-तीस टक्के मंद असतील तर काही बिघडत नाही, तो अर्ध्या स्टॉपचाही फरक नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण एकाच वेगाला एकदा आठ आणि एकदा वीस फ्रेम येत असतील तर शटर साफ करावं लागणार, तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

लेन्समधून बॅटरी तिरकी पाडून पाहा. धुरकट थर पुसता येतो, कारण या लेन्सचे पुढचे आणि मागचे भाग हातानेच उलगडतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती वरवरची असेल तर निघते, पण काचेवर तिचे व्रण राहू शकतात. कडेने इंद्रधनुष्यी किंवा पिवळट डाग दिसले तर जोडभिंगांमधला चिकटा सुटतोय. कडेपुरता असेल तर चित्रावर फरक जाणवत नाही. पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे ग्राहक घासाघीस करायला वापरतो, तुम्हीही वापरा, पण त्यापायी चांगला कॅमेरा सोडू नका.

शेवटी होल्डर. प्रत्येकाची सरकती पट्टी (फिल्मवर उजेड येऊ न देणारं झाकण) काढा-घाला. ती वाकलेली नको, आणि ज्या फटीतून ती जाते तिथलं मखमल झडलेलं नको. पातळीदर्शक बुडबुडा बहुतेक सगळ्यांचा सुकलेला असतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

मिटताना क्रम उलटा : केबल रिलीज काढा, लेन्स वर किंवा बाजूला सरकवली असेल तर मधल्या खुणेवर आणा, घुंडीने रूळ शून्यावर घ्या, चौकट पूर्ण मागे सरकवा, बाजूच्या पट्ट्या दाबा आणि झाकण लावा. बरेच कॅमेरे मोडतात ते उघडताना नव्हे, हा क्रम चुकवून मिटताना.

प्रश्न (पंढरपूर) : आमच्या आव्हुसचं कॉम्पुर शटर १/५० च्या खाली अडकतं. शिलाई मशीनचं तेल सोडू का?

उत्तर : अजिबात नको. मंद वेगांसाठी शटरमध्ये एक वेगळी दातेरी चाकांची गाडी असते. त्यातलं जुनं ग्रीस घट्ट झालं की ती अडते. वरून सोडलेलं तेल तिथे पोचण्याआधी पात्यांवर पसरतं, पाती एकमेकांना चिकटतात आणि मग वेगवान स्पीडही जातात. पुढचे-मागचे काचेचे भाग काढून ठेवा, शटर लायटर फ्लुइडने धुवा आणि वीस-तीस वेळा चालवून सुकू द्या. सुधारलं तर ठीक, नाही तर घड्याळजीकडे किंवा कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे न्या. मशीनचं तेल आधीच सोडलेलं असेल तर तेही सांगा.

शटरच्या डोक्यावर वेगाची छोटी चकती असेल तर ते जुनं कॉम्पुर, १९१२ पासून बनलेलं. यात टाइम आणि बल्बला शटर चढवायचं नसतं, थेट दाबायचं असतं. त्या दोन जागांवर चढवायचा दांडा जोराने ओढला की आतलं मोडतं. शटरवर आडवी नळकांडी दिसत असेल तर ते कंपाउंड. तिथे दट्ट्या हवेच्या दाबाने वेग ठरवतो. नळकांडीत तेलाचा एक थेंब गेला तरी वेग बिघडतात, तिथे सगळं कोरडंच हवं.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : भात्याच्या कोपऱ्यांना भोकं आहेत. काळी इन्शुलेशन टेप लावली होती, ती निघून आत चिकटली.

उत्तर : आपल्याकडच्या मे महिन्यात ते होणारच, टेपचा गोंद पातळ होतो. सायकलच्या पंक्चरचं रबर सोल्युशन घ्या, त्यात काजळी घोटून काळंभोर करा आणि भाता पूर्ण ताणून आतल्या बाजूने कोपऱ्यांवर बारीक ब्रशने दोन पातळ थर द्या. थरांमध्ये एक तास, शेवटी पूर्ण रात्र भाता ताणलेलाच ठेवा. मिटण्याआधी जोडावर थोडी टाल्कम पावडर फुंका, नाहीतर घड्या एकमेकींना धरतील. मोठ्या चिरेवर पातळ काळ्या सुती कापडाचा नखाएवढा तुकडा याच मिश्रणात बुडवून बसवा. आधीच्या टेपचा चिकटा लायटर फ्लुइडने काढून घ्या. जाड थर देण्याचा मोह टाळा.

प्रश्न (साखर पेठ) : घासलेल्या काचेवर सगळं टोकदार दिसतं, निगेटिव्ह मात्र प्रत्येक वेळी धूसर. ट्रायपॉडही पक्का आहे. काच एकदा काढून धुतली होती.

उत्तर : तिथेच घोळ आहे. काच परत बसवताना उलटी बसली असणार. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, गुळगुळीत तुमच्याकडे. नखाने हलकेच ओढून पाहा, लगेच कळतं. दीड मिलिमीटरच्या काचेला उलटं बसवलं की फोकसमध्ये जवळजवळ एक मिलिमीटरची चूक होते. ४.५ ला या मापाच्या निगेटिव्हसाठी जेमतेम ०.४ मिलिमीटरची चूक खपते, त्यामुळे उघड्या लेन्सला सगळं धूसर येतं आणि ११ ला कसंबसं निभावतं. तुमच्या निगेटिव्ह बंद लेन्सला बऱ्या आणि उघड्या लेन्सला वाईट येत असतील तर शंकाच नको.

काच बरोबर असूनही असंच होत असेल तर शीथ पाहा. एका होल्डरमध्ये शीथ नसेल आणि फिल्ममागे नुसता पुठ्ठा असेल तर तो होल्डर वेगळा काढा. शीथ मिळेचना, तर एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा मापात कापून, मॅट काळा रंगवून, त्यावर फिल्म पातळ दुहेरी टेपने चिकटवता येते. फोटोफ्रेमची दोन मिलिमीटर काच वापरू नका, पट्टी सरकत नाही.

प्रश्न (मोहोळ) : लेन्सवर ४.५, ६.३, ९, १२.५, १८, २५, ३६ असे आकडे आहेत. दुसऱ्या एका जुन्या कोडॅकवर ४, ८, १६, ३२, ६४. लाइट मीटरशी जुळवायचे कसे?

उत्तर : पहिली जुनी युरोपीय मालिका. ६.३ पासून पुढे प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा होतो, ४.५ ते ६.३ सुद्धा एकच स्टॉप. ९ म्हणजे ८ आणि ११ च्या मध्ये, १८ म्हणजे १६ च्या थोडं पुढे. मीटरने १६ सांगितलं तर १८ ला ठेवा, निगेटिव्हला तो फरक समजतही नाही.

दुसरी अमेरिकी 'यू.एस.' पद्धत, १९२० च्या आसपासपर्यंतच्या कोडॅकवर सापडते. यात ४ म्हणजे आजचं ८, ८ म्हणजे ११, १६ म्हणजे १६, ३२ म्हणजे २२ आणि ६४ म्हणजे ३२. दोन्ही पद्धती फक्त १६ ला भेटतात. यू.एस. ४ ला एफ/४ समजलात तर फोटो दोन स्टॉप अंधारा येतो, ६४ ला उलटं होतं.

प्रश्न (विडी घरकुल) : एक्स-रे फिल्म कापून घातली. सिद्धेश्वर मंदिराचा फोटो काढला. आकाश पांढरंफटक, एका बाईच्या कपाळावरचं कुंकू काळं, आणि निगेटिव्हवर ओरखडेच ओरखडे. मे महिन्यात धुतलेल्यांच्या कडा तर सुटूनच आल्या.

उत्तर : चार वेगळ्या गोष्टी आहेत.

आकाश आणि कुंकू हा फिल्मचा स्वभाव. एक्स-रे फिल्मला निळा दिसतो, काही जातींना हिरवाही, तांबडा मात्र दिसत नाही. त्यामुळे आकाश जळतं आणि लाल ते सगळं काळं. मरून काठाची सोलापुरी चादर टिपाल तर काठातली नक्षी काळ्यातच बुडेल. पिवळा फिल्टर लावून आकाश सावरत नाही, निळ्या जातीची फिल्म तर जवळजवळ आंधळी होते. सकाळचं कोवळं ऊन घ्या, किंवा आकाश चौकटीत थोडंच ठेवा. तळ्यातलं प्रतिबिंब खाली धरलं तर चित्र त्यावर उभं राहतं.

ओरखडे : या फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन (चित्र उमटणारा थर) असतं आणि ओलं असताना ते सायीसारखं मऊ. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच शीट धुवा, चिमटा न वापरता कडा बोटांनी धरा. कापताना खालीवर स्वच्छ कागद घ्या. लाल दिवा सुरक्षित आहे का हे तपासायला फिल्मच्या तुकड्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं तो दिवा चालू ठेवा आणि तुकडा धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बदला किंवा लांब न्या.

धुणं : या फिल्मचा कॉन्ट्रास्ट मुळात जास्त, म्हणून डेव्हलपर पातळ. रोडिनल १:१०० मध्ये, म्हणजे ५०० मिली पाण्यात ५ मिली, २० अंशांना साधारण ६ ते ८ मिनिटं. फिल्मचा वेग सुरुवातीला आयएसओ ५० धरा. लाल दिव्यात चित्र उमटताना दिसतं, हा या फिल्मचा मोठा फायदा, तो घ्या. केमिकलच्या दुकानातून माल घेऊन डी-७६ हा डेव्हलपर घरी करायचा असेल तर ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात आधी सोडियम सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल २ ग्रॅम, उरलेलं सल्फाइट (एकूण १०० ग्रॅम), हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, या क्रमाने, आणि पाणी घालून एक लिटर. चिमूट आधी टाकली नाही तर मेटॉल हवेने तपकिरी पडतं. सल्फाइट सगळं आधी टाकलं तर मेटॉल नीट विरघळत नाही. वापरताना निम्मं पाणी. नंतर हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), फिल्म पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट.

कडा सुटणं : गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये फार तापतं. डेव्हलपर थंड आणि धुवायचं पाणी गरम असलं की जिलेटिन अचानक फुगतं आणि कडेपासून उचलतं. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळी तापमानं दोन-तीन अंशांच्या आत ठेवा. सोलापूरच्या कोरड्या हवेत माठ चांगलं काम करतो, रात्रभर भरून ठेवलेलं माठातलं पाणी वापरा, जास्तच असेल तर बर्फ बंद पिशवीत घालून ट्रेच्या बाहेरच्या पाण्यात सोडा. २० ऐवजी २४ अंशांना काम करायचं असेल तर १० मिनिटांची ७ करा. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर डाग पडतात. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची विसळण फिल्टरच्या पाण्याने, नाहीतर सुकल्यावर पांढरे थेंब राहतात.

प्रश्न (उत्तर सोलापूर तालुका) : आजोबांच्या पेटीत कॅमेरा, तीन भरलेले होल्डर आणि प्लेटचा एक बंद डबा सापडला. उघडून पाहू का?

उत्तर : उजेडात नाही! होल्डरमधल्या प्लेट एक्स्पोज झालेल्या असू शकतात. न धुतलेलं चित्र काही वेळा अनेक दशकं तग धरतं, उजेड लागला की मात्र संपलं. लाल दिव्यातही नको, प्लेट कुठल्या जातीची आहे हे माहीत नाही, त्यामुळे पूर्ण अंधारातच काढा. आधी एकच धुवा, जुन्या प्लेटवर धुक्यासारखा थर येतो तो किती आहे ते पाहून बाकीच्यांचं ठरवा. डब्यावरचा मजकूर उतरवून ठेवा. डबा न वापरलेला असला तरी त्यावर आज नवा फोटो बरा येईल अशी आशा धरू नका.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्याला आजचा ट्रायपॉड बसत नाही.

उत्तर : जुन्यांचं आट्याचं भोक ३/८ इंची, आजचा स्क्रू १/४ इंची. मधे बसणारी छोटी पितळी बुश मिळते. स्क्रू लांब असेल तर वॉशर टाका, नाहीतर स्क्रू आत जाऊन तळ फोडतो. भुईकोट किल्ल्यात ट्रायपॉड लावण्याआधी गेटवर विचारून घ्या.

प्रश्न (बाळीवेस) : गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी नंदीध्वजांची मिरवणूक या कॅमेऱ्याने हातात धरून टिपता येईल का?

उत्तर : दिवसा येईल. घासलेली काच विसरा, तारेचं व्ह्यूफाइंडर आणि रुळावरची अंतराची पट्टी वापरा. १३.५ च्या लेन्सला १२.५ ठेवून पट्टी ५ मीटरवर लावली की साधारण पावणेचार ते साडेसात मीटरमधलं सगळं चालण्याजोगं टोकदार येतं. आयएसओ १०० ची फिल्म आणि १/१०० सेकंद. एक्स-रे फिल्म इथे नको. होल्डर आधी भरून, नंबर टाकून ठेवा. शटर चढवा, होल्डर घाला, होल्डरची पट्टी पूर्ण काढा, दाबा, पट्टी लगेच आत. पट्टी तोंडात धरू नका, दातांनी वाकते. गर्दीत दोनच चुका होतात, पट्टी काढायची राहते किंवा एकाच फिल्मवर दोनदा दाबलं जातं. म्हणून वापरलेला होल्डर वेगळ्या खिशात. नंदीध्वज उंच असतात, कॅमेरा मान वर करून धरलात तर ते तिरपे येतील, त्याऐवजी कॅमेरा सरळ ठेवून लेन्सची चौकट वर सरकवा. व्ह्यूफाइंडरला हे कळत नाही, खालची माणसं कापली जातात याचा अंदाज तुम्हीच ठेवायचा. आणि कॅमेरा मिटण्याआधी चौकट खाली आणायला विसरू नका.